भारत दर्शन, नागपूर ते काटोल

"सरका गा, सरका वं, माणसाले जागा द्या!"

काटोलच्या गाडीत पाय ठेवला की पहिल्यांदा हे वाक्य कानावर पडायचं. कंडक्टर हे माणसांना उद्देशून म्हणतो आहे, असं नवख्याला वाटे. पण तसं नव्हतं. तो हे गाठोड्यांना म्हणायचा, टोपल्यांना म्हणायचा, कोंबड्यांच्या खुराड्याला म्हणायचा, एकदा तर कुणाच्या रुखवतातल्या उभ्या आरशाला म्हणाला होता. सामानाच्या मालकाकडे बघायचाही नाही. टोपलीसमोर वाकायचं, हातातला तिकिटाचा पंच कपाळाला लावायचा आणि अदबीनं म्हणायचं, "सरका वं टोपलीबाई, माणसाले जागा द्या." मग टोपलीची मालकीण तोंडाला पदर लावून हसायची आणि टोपली मांडीवर घ्यायची. जागेवरून भांडण झालेलं मी त्या गाडीत कधी पाहिलं नाही. बाजाराच्या दिवशी काटोलच्या गाडीत भांडण न होणं ही काय चीज आहे, ते त्या गाडीनं गेलेल्यालाच कळेल.

बोलका कंडक्टर तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक रस्त्यावर एखादा असतोच. आमचा मात्र नुसता बोलका नव्हता. त्याला त्याच्या रस्त्याचा गर्व होता, आणि तो गर्व तो रस्त्याची रोज टिंगल करून व्यक्त करायचा. हे समजायला मला बरेच महिने लागले. तोवर मी त्याला वाचाळ समजून खिडकीकडे तोंड करून बसत असे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. काटोल रस्त्यावर सालई फाटा म्हणून एक थांबा होता, आणि फाट्यापासून आत सालई गावात शाळा. तिथं मी मराठी शिकवायला लागले होते. राहायची नागपुरात. सकाळी सीताबर्डीला गाडी धरायची, शाळा सुटली की फाट्यावर येऊन परतीच्या गाडीची वाट बघायची. कंडक्टरला नाव होतं, पण गाडीत ते कुणी घेत नसे. सगळे 'कंडक्टरभाऊ' म्हणायचे, मीही तेच म्हणायची. तोंडावर मी त्याला जन्मभर 'अहो'च म्हटलं. इथं 'तो' लिहिते आहे, कारण घरातल्या थोरल्या भावाबद्दल आपण मनात 'तो'च म्हणतो.

बसका बांधा, सुटलेलं पोट, खाकी सदऱ्याची इस्त्री मात्र कडक. गळ्यात लाल काठाचा जाड पांढरा दुपट्टा. घर विणकरांचं. बापानं माग बंद केला तेव्हा त्या मागावरून शेवटचा उतरलेला हा दुपट्टा, असं तो प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगायचा. "बाप म्हणे, आता कापड गिरणीत होते, तू गाडीत जाय. आलो मी गाडीत. पण दुपट्टा घरचाच वापरतो, गिरणीचा नाही."

गाडी सीताबर्डीतून निघाली की तो पुढच्या दांडीला टेकून उभा राहायचा, पंचानं दांडीवर टकटक करायचा आणि जाहीर करायचा, "बाया-भावांनो, भारत दर्शन सुरू होऊन राहिलं. नागपूर ते काटोल. काशी-रामेश्वर जायचं काम नाही, सारा देश ह्याच रस्त्यावर आहे!"

पहिलं स्थळ चौकातलं कारंजं. "डाव्या हाताले पाहा, कारंजं. पाणी नाही. आपले कपडे भिजू नये म्हणून सरकारनं काळजी घेतली आहे."

मग बाग. तिच्या कुंपणाची भिंत केव्हाच कोसळलेली, फाटक मात्र शाबूत, आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. आतबाहेर बकऱ्या हिंडत. "कुलूप पाहून घ्या. मजबूत आहे. फाटकातून कोणी चोर घुसू शकत नाही."

नाक्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना विटांच्या गोल जाळ्या होत्या. वनमहोत्सवात लावलेल्या झाडांसाठी बांधलेल्या. झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, जाळ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी आणखी जाळ्या आल्या. "हे आपल्या भागातलं नवीन पीक," तो सांगायचा. "पाणी लागत नाही, खत लागत नाही. पावसाळा आला का उगवते." एका गावाच्या वाचनालयात गुरं बांधलेली असत. त्या गावाजवळ तो सगळ्यांना गप्प बसवायचा, ओठांवर बोट ठेवून. "हळू बोला. म्हशी वाचून राहिल्या."

आणि मग शेतांवरून जाणारे विजेचे मनोरे. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातली वीज त्या तारांतून कुठं कुठं जायची, आणि तारांखालच्या गावांत संध्याकाळी कंदील लागायचे. तो खिडकीतून वर बघून हात जोडायचा. "वीजबाई चालल्या. आपल्याइथं नाही उतरत. तिचं तिकीट थेट मुंबईचं आहे."

ह्यावर अख्खी गाडी हसायची. माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला माणसं किती आतुर असतात, ते मी तिथं पाहिलं. शेतकरी, बाजारकरी, सासरी निघालेली एखादी पोर, सगळे पुढचं स्थळ येण्याआधीच तोंडावर हसू घेऊन तयार असत. एकाच ठिकाणी तो विनोद करत नसे. संत्र्याचा एक जुना बगीचा तोडून तिथं वीटभट्टी आली होती. ते दिसलं की "इथं बगीचा होता," एवढंच म्हणायचा आणि उगाच तिकिटं तपासायला मागे जायचा.

मी म्हटलं ना, मला आधी हा माणूस पटला नव्हता. सदानकदा नावं ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत, आजही नाही. माझं मत बदललं ते एका पाहुण्यामुळे.

पाहुणे मुंबईकडचे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, काटोलला कुणाकडे लग्नाला निघालेले. भारत दर्शन ऐकून ते खूश झाले. कारंज्याला हसले, बागेला हसले, म्हशींना तर टाळ्याच वाजवल्या. मग त्यांना वाटलं आपणही भर घालावी. म्हणाले, "अहो, तुमच्या ह्या भागाचं असंच असायचं. इकडे कोणाला काही करायलाच नको. माणसंच आळशी."

कंडक्टरभाऊनं पंच खिशात टाकला. पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि इतक्या शांतपणे बोलला की मागच्यांना मान पुढे काढावी लागली.

"साहेब, हे आमचं घरचं भांडण आहे. आम्ही आमच्या घराले नावं ठेवून राहिलो, कारण का सकाळ-संध्याकाळ आम्हालेच तिथं राहणं आहे. तुम्ही काहून हसता?"

आणि लगेच हा मागे वळून ओरडला, "कोणापाशी संत्र आहे का, द्या!" चार टोपल्यांतून चार हात पुढे आले. त्यानं एक संत्रं निवडलं, स्वतः सोललं, पाहुण्यांच्या हातावर फोडी ठेवल्या. "खा. हे आळशी माणसाच्या हातचं आहे. मंग बोला." पाहुण्यांनी फोडी खाल्ल्या. काही वेळानं म्हणाले, "गोड आहे हो." त्यावर तो उठला, दांडीला टेकला आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाला, "आता उजव्या हाताले पाहा, दांडा नसलेला हातपंप. ह्याले दुरून नमस्कार करायचा." सगळ्यांत मोठ्यानं पाहुणे हसले, पण आता त्यांचं हसणं आमच्यातलं होतं. त्या दिवसापासून मी खिडकीकडे तोंड करून बसणं सोडलं.

त्याच्या यात्रेतलं मुख्य दैवत होतं आमच्या सालई फाट्यावर. कुण्या एका पुढाऱ्यानं तिथं प्रवासी निवाऱ्याची कोनशिला बसवली होती. नंतर चौथरा झाला, चार खांब झाले, खांबांतून गजांची टोकं वर निघाली आणि काम थांबलं ते थांबलंच. पुढाऱ्याचं नाव पावसानं पुसट केलं, 'शुभहस्ते' तेवढं वाचता यायचं. गाडी फाट्यावर थांबली की कंडक्टरभाऊ खाली उतरायचा, टोपी काढायचा, पंच कपाळाला लावून त्या दगडाला वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "छप्परनाथ महाराज की जय!" गाडीतून जयजयकार व्हायचा. मग तो घंटीची दोरी दोनदा ओढायचा आणि गाडी निघायची. पाऊस असो, थंडी असो, हा नमस्कार चुकला नाही.

त्या चौथऱ्याशी भागाबाई बसायची. सालईचीच म्हातारी, एकटी. थांबलेल्या गाडीतल्या लोकांना हिवाळ्यात संत्री-बोरं विकायची, उन्हाळ्यात काकड्या आणि कैऱ्या. फाट्यावर झाड नव्हतं. रस्ता रुंद केला तेव्हा होती ती कडुनिंबाची झाडं गेली. उन्हाळ्यात शाळा सकाळची असायची, त्यामुळे मी फाट्यावर यायची ती ऐन डोक्यावरच्या उन्हात. सावली म्हणजे त्या चार खांबांची, खांबाएवढीच. भागाबाई आणि मी तीत आळीपाळीनं उभ्या राहायचो. "ये वं बाई, आता तुयी पाळी," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

एप्रिल संपत आला होता, परीक्षा चालू होत्या. त्या दिवशी मी फाट्यावर पोचले तर भागाबाई चौथऱ्याला टेकून बसलेली होती आणि माझ्या हाकेला ओ देत नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं. तिला ऊन लागलं होतं. नागपूरकडच्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. दर उन्हाळ्यात ते कुणाच्या तरी घरून ऐकू येतातच.

तेवढ्यात काटोलहून परतीची गाडी आली. कंडक्टरभाऊ नेहमीसारखा टोपी काढत उतरला आणि टोपी तशीच हातात राहिली. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, कुणाच्या तरी सुरईतल्या पाण्यात भिजवला, भागाबाईच्या डोक्याला गुंडाळला आणि ड्रायव्हरच्या मदतीनं तिला उचलून गाडीत घेतलं. दारात उभा राहून त्यानं लोकांना विचारलं, "गाडी थेट नागपूरले, दवाखान्यात. मधी कुठी थांबणार नाही. चालन का?" मधल्या गावांची कितीतरी माणसं होती गाडीत. एकानंही 'नाही' म्हटलं नाही. त्यांची गावं एकामागून एक खिडकीतून मागे गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. नागपुरातून ती माणसं दुसऱ्या गाडीनं परत गेली. माझ्या लोकांचा मला अभिमान का वाटतो असं कुणी विचारलं, तर मी ह्या गाडीचं सांगते.

भारत दर्शन त्या दिवशी झालं नाही. बाग गेली, कारंजं गेलं, तो भागाबाईजवळ खाली बसून होता आणि सुरईतलं पाणी दुपट्ट्यावर शिंपडत होता. म्हातारी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

दवाखान्याच्या पायरीवर तो मला म्हणाला, "बाई, मी रोज त्या गोट्याले हात जोडून हासोतो लोकायले. हसून सावली पडत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत फाट्यावर छप्पर पाह्यजे. नाही तं पुढच्या खेपेले गाडी वेळेवर येईन याचा भरवसा काय?"

त्यानंतर त्याच्या सुट्टीचे दिवस कचेऱ्यांच्या व्हरांड्यात गेले. अर्ज मी लिहून द्यायची, तो घेऊन जायचा आणि हसतच परत यायचा. "वर गेलं म्हणते. छप्पर वरच राहते, म्हणून कागदबी वर गेला असन." पावसाळा गेला. फाट्यावर गाडी थांबे, तो उतरे, पण नमस्कार बंद झाला होता. छप्परनाथाचा जयजयकार करायला टपलेली गाडी हिरमुसून पुढे जायची.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत शाळेला निघाले तो दिवस. गाडी फाट्यावर थांबली आणि आम्ही दोघं खाली उतरून जागच्या जागी उभे राहिलो. कोनशिला शेंदरानं माखली होती. 'शुभहस्ते'सुद्धा आता दिसत नव्हतं. पुढ्यात नारळ, उदबत्त्या, आणि दगडाच्या गळ्यात लाल काठाचा पांढरा दुपट्टा. धुतलेला, नीट घडी घातलेला.

"काहून वं भागाबाई?" कंडक्टरभाऊचा आवाज चिरकला. "हे काय करून राहिली तू?"

"नवस फेडला," भागाबाई म्हणाली. ती आता खडखडीत बरी होती. "यानंच तं वाचोलं मले. याच्या पायापाशी पडली होती ना मी. तुया दुपट्टा त्याले वाह्यला, रागावू नको."

"अवं, तो देव नाही! गोटा आहे सरकारी!"

"तं मंग तू रोज पाया काहून पडत होता?"

गाडीतली माणसं टिंगल समजून हसत होती तेव्हा ही बाई टोपलीमागे बसून वेगळंच बघत होती. खाकी कपड्यांतला सरकारी माणूस रोज गाडी थांबवतो, टोपी काढतो, वाकून नमस्कार करतो. देव असल्याशिवाय कोण करेल? "त्याच्यावर नाव लिहिलं आहे वं, पुढाऱ्याचं," त्यानं एक शेवटचा प्रयत्न केला. भागाबाई त्याच्याकडे दयेनं बघत म्हणाली, "मंग? देवाले नाव नसते का?"

पुढच्या काही आठवड्यांत छप्परनाथाचं मोठं प्रस्थ झालं. खरंच सांगते, नाव तेच राहिलं. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गाड्यांचे ड्रायव्हर नारळ फोडू लागले, सासुरवाशिणी ओटी भरू लागल्या. आणि कुठल्याही कचेरीतून जे हललं नव्हतं ते आपोआप हललं. काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं टिनाचे पत्रे कबूल केले. कुणी लाकडी बल्ल्या दिल्या, कुणी विटा, गवंड्यानं मजुरी सोडली. सालईचे सरपंच मला शाळेत येऊन सांगून गेले, "मंदिर होऊन राहिलं फाट्यावर. रविवारी कामाले हात लावायचा आहे. शाळेनं यावं."

छप्पर होणार होतं. पण कुणासाठी? चौथऱ्याच्या मधोमध देव, चारी बाजूंनी भिंती, पुढे लोखंडी दार आणि त्याला कुलूप, असा सरपंचांचा बेत होता. चौथरा तसा लहानच. भिंती उठल्या की माणसांनी बसायचं कुठं, तर बाहेर, उन्हात. मी हे कंडक्टरभाऊला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पंच उघडझाप करत राहिला. "म्हंजे बागेचं कुलूप इथं येऊन राहिलं," तो म्हणाला. "अन् आणलं कोणं? म्या."

रविवारी तो साध्या कपड्यांत आला. खाकीशिवाय मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. पत्रे येऊन पडले होते, गवंडी दोरी लावत होता, गाव जमलं होतं. तो चौथऱ्यावर चढला आणि म्हणाला, "भाऊ हो, मायं ऐका. हा देव नाही. मी मस्करी करून राहिलो होतो."

सगळे खो खो हसले. इतकी वर्षं ज्याच्या तोंडून टिंगलच ऐकली, तो हेही तसंच बोलतो आहे असं लोकांना वाटलं. कुणीतरी ओरडलं, "छप्परनाथ महाराज की जय!" तो पुन्हा सांगू लागला, छातीवर हात ठेवून सांगू लागला, आणि जितक्या कळवळ्यानं सांगे तितके लोक जास्त हसत. सरपंच डोळे पुसत म्हणाले, "काय माणूस आहे बाप्पा हा!" मला मात्र रडू येत होतं. आयुष्यात एकदा हा माणूस सरळ बोलत होता, आणि त्याचं कुणी खरं धरत नव्हतं.

तो थांबला. लोकांकडे पाठ करून दगडाकडे वळला. पंच नव्हता जवळ, म्हणून नुसता हात कपाळाला लावला. टोपलीपुढे वाकायचा तसाच वाकला, आणि जो आवाज आम्ही रोज गाडीत ऐकायचो त्याच आवाजात म्हणाला, "दुपट्टा राहू दे तुयापाशी. पण सरक गा देवा, माणसाले जागा दे."

आता कुणी हसलं नाही. दोन-तीन चेहरे रागानं लाल झाले. "देवाले सरक म्हणते?" कुणीतरी पुढे सरसावलं. सरपंचांनी त्याला हातानं अडवलं, पण त्यांच्याही कपाळाला आठ्या होत्या. कंडक्टरभाऊ वाकलेलाच होता. उठला नाही.

तेवढ्यात भागाबाई उठली. डोक्यावर बोरांची टोपली घेतली आणि हळूहळू चौथऱ्यावर चढली. नेमकी गवंड्यानं जिथं देवाच्या गाभाऱ्याची दोरी लावली होती, तिथं मधोमध जाऊन टोपली ठेवली आणि टोपलीमागे ऐसपैस बसली.

"सरकला," ती म्हणाली.

"कोण सरकला?" सरपंचांना कळेना.

"देव सरकला. मले दिसलं." तिचा चेहरा अगदी गंभीर होता. "ज्यानं मले उन्हातून उचललं, तो मले पुन्हा उन्हात बसवन काय? असा कसा देव राहीन तो? त्याले कोपऱ्यात ठेवा, माया टोपलीपाशी. कुलूप लावू नका. मले त्याच्याशी बोला लागते."

देव तिचा होता. पहिला शेंदूर तिनं लावला होता. सरपंच थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ दगडाकडे बघत राहिले, आणि मग गवंड्याला म्हणाले, "काढ ती दोरी."

भिंती झाल्याच नाहीत. मागच्या बाजूला तेवढी एक, लूचा गरम वारा अडवायला. दगड उचलून त्या भिंतीच्या कोपऱ्यात बसवला, चौथऱ्याला लागून दगडी बाक केले, आणि पत्रे चारी बाजूंनी इतके पुढे काढले की ऊन तिरपं आलं तरी पाय पोळू नयेत. संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या पत्र्यांखाली ठोकल्या, म्हणजे पत्रा तापला तरी खाली झळ येऊ नये. ही युक्ती कुणाची ते आठवत नाही, पण आमच्या भागाबाहेर ती कुठं पाहिली नाही. कंडक्टरभाऊ सुट्टीच्या दिवशी येऊन घमेली उचलायचा. उन्हाळा लागायच्या आत छप्पर उभं राहिलं.

त्या एप्रिलमध्ये शाळा सुटल्यावर मी फाट्यावर आले आणि सावलीत बसले. नुसती बसले. शेजारी भागाबाई काकड्या घेऊन. "आता पाळी नाही वं बाई," ती म्हणाली. समोर रस्त्यावरून झळा निघत होत्या, आणि आम्ही त्यांच्याकडे आतून बघत होतो. मला त्या क्षणी कुणी राजवाडा दाखवला असता तर मी त्याला नावं ठेवली असती.

भारत दर्शन पुन्हा सुरू झालं. कारंजं कोरडंच होतं, जाळ्यांचं पीक वाढतच होतं. फक्त सालई फाटा आला की तो बोलायचा नाही. सदरा नीट करायचा, टोपी सरळ करायचा आणि दारात असा उभा राहायचा की बघून घ्या. नवख्या प्रवाशानं विचारलं, "हे कोणं बांधलं?" तर म्हणायचा, "आळशी लोकायनं."

दोन-तीन वर्षांनी कुठल्याशा खात्यानं येऊन त्या छपरावर आपली पाटी लावली. मी चिडले. मी लगेच चिडते. तो मात्र खूश झाला. "लागू द्या पाटी, बाई. आता सरकारी झालं. म्हंजे आता सांभाळणं आपल्यालेच लागन." आणि दर पावसाळ्याआधी तो पत्र्यांचे खिळे बघायला यायचाच.

पुढे मी नागपुरातल्या शाळेत आले, तो निवृत्त झाला. अधूनमधून सीताबर्डीला भेटायचा, गळ्यात गिरणीचा पंचा. "घरचा देवाले देला," म्हणायचा. ऐंशीचं दशक संपत आलं असताना, एका थंडीत तो गेल्याचं कळलं. मला उशिरा कळलं, अंत्ययात्रेला जाता आलं नाही. भागाबाई तर त्याच्याही आधी गेली होती.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला सालईला जायचं होतं. कंडक्टर कुणी तरुण होता, मुकाट्यानं तिकिटं फाडणारा. कारंज्याच्या जागी आता दुकानं झाली होती, मनोऱ्यांच्या शेजारी आणखी मनोरे उभे होते. मी मनातल्या मनात एकेक स्थळ ओळखत गेले, पण हसायला शेजारी कुणी नव्हतं.

लग्न आटोपून परत फाट्यावर आले. बाहेर ऊन आग ओकत होतं. छपराखाली गर्दी, बायका, पोरं, गाठोडी, लग्नाची बुंदीची भांडी. बसायला तसूभर जागा नव्हती. कोपऱ्यात छप्परनाथ. शेंदराचे इतके थर चढलेले की दगड चांगला गुटगुटीत दिसत होता. गळ्यात दुपट्टा नवा होता, पण काठ लालच.

माझ्या पुढे एक बाई कडेवर पोर घेऊन आली. परगावची असावी. मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं, आणि तिचं वय बघता तिनंही कंडक्टरभाऊला कधी पाहिलं नसणार. ती सरळ देवासमोर गेली. वाकली, हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "सरक गा देवा, माणसाले जागा दे."

आणि बाकावरचे सगळे सरकले. न सांगता, बोलणं न थांबवता, जसं काही ते देवालाच म्हटलं होतं आणि देवच सरकला होता. ती बसली.

मी शेजारच्या म्हातारबाबांना विचारलं, हे काय. ते म्हणाले, "रीत आहे इथली. देवाले पुसल्याबिगर कोणी बसत नाही, अन् पुसलं का जागा होते. लय जुनी आहे. आमच्या बापजाद्यायपासून."

मी कोपऱ्यापाशी गेले, वाकले, हात कपाळाला लावला. मग मी ते म्हटलं, आणि बाकावर माझ्यापुरती जागा झाली.